फोडणीआधीची वाटी

कुत्रे भाकरी पळवून नेते आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे आणि पुढे आपल्या मुलांनाही सांगितली आहे. आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या घरांत गाईचा घास आणि कुत्र्याची भाकर बाजूला काढायला कुणाला शिकवावे लागत नाही. मन मोठे आहेच. पण त्या भाकरीवर आपण काय वाढतो, इकडे मात्र आपले फारसे लक्ष नसते.

रात्रीची जेवणे आटोपली, की पातेल्याच्या तळाशी राहिलेली शेवभाजी, फौजदारी डाळ नाहीतर भरताचा चमचाभर लपका भाकरीवर ओतायचा आणि ‘मोती, ये रे’ म्हणून हाक मारायची. मनीसाठी बशीत दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी. झाले यांचे जेवण! ‘आमच्या आजेसासूबाईंपासून हेच चालत आलंय. तेव्हाची जनावरं काय जगली नाहीत?’ असे तुम्ही म्हणाल. जगली ना! पण कशाच्या जोरावर जगली, ते जरा पाहू या.

मांजर दुधावर जगत नव्हते

जुन्या घरात धान्याच्या कणग्या असत, माळ्यावर अडगळ असे, कापसाच्या दिवसांत खोलीभर कापूस भरलेला असे. तिथे उंदरांना काय तोटा! मांजर रात्रभर शिकार करी आणि सकाळी आपल्याकडे येऊन दूध पिई. आपल्याला वाटे, मनी दुधावर वाढली. खरे म्हणजे ती उंदरांवर वाढलेली होती, दूध हा वरचा खाऊ. आता आपण कॉलनीतल्या बंगलीत नाहीतर फ्लॅटमध्ये राहतो. खिडक्यांना जाळ्या, दार बंद, उंदीर नाही. मनीचे पोषण आता जे काही व्हायचे, ते त्या एका बशीतून.

मांजर हा मुळातच मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा एक घटक तिला अन्नातूनच मिळावा लागतो, कारण तिचे शरीर तो पुरेसा तयार करू शकत नाही. तो मांस-मासळीत असतो. दूध-पोळीत आणि वरण-भातात तो तिला पुरेल इतका नसतो. टॉरिन कमी पडले की मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांतील हृदयविकाराचा एक प्रकार याच कमतरतेमुळे होतो, हे सिद्ध केले. तेव्हाच्या पाकिटातल्या खाद्यातही टॉरिन कमी पडत होते. नंतर कंपन्यांनी ते वाढवले आणि हा आजार पुष्कळ घटला.

धुळ्याला आमच्या ओळखीच्या एका घरी अगदी लाडाची मांजरी होती. तिला रोज दूध-पोळी, सणावारी साय. पाचव्या-सहाव्या वर्षी ती भिंतींना धडकू लागली. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘खायला काय देता?’ दृष्टी गेली ती परत आली नाही. माया कमी नव्हती हो त्या घरात! म्हणूनच हे सांगावेसे वाटते.

दुधाचेही तसेच आहे. वाढत्या वयात बहुतेक मांजरांची दूध पचवण्याची शक्ती कमी होते. ‘हिचं पोट सारखं बिघडतं’ अशी तक्रार असेल तर आठ दिवस दूध बंद करून पाहा. पिण्याला स्वच्छ पाणी हवे, दूध नसले तरी चालते.

कुत्र्याला भाकर चालते, पण नुसती नको

कुत्र्याची गोष्ट थोडी वेगळी. हजारो वर्षे माणसाच्या उंबऱ्याशी राहून त्याला पिठूळ अन्न पचवायची सवय झाली. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवले, की पिष्ट पचवणारे जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त पटींनी असते. म्हणजे आपली ज्वारी-बाजरीची भाकर मोतीला उत्तम चालते. कळण्याच्या भाकरीत तर उडीदही असतो. तिचे पीठ मळताना मीठ घालण्याआधी एक गोळा वेगळा काढला की झाले.

कमी पडतात ती प्रथिने आणि चुना, म्हणजे कॅल्शियम. शेतावरचा कुत्रा ही उणीव बाहेर हिंडून भरून काढतो. साखळीला बांधलेल्या मोतीला ती सोय नाही.

रोजचा हिशेब

पंधरा किलो वजनाच्या मोठ्या गावठी कुत्र्यासाठी दिवसाचे जेवण असे ठेवता येईल:

• ज्वारी किंवा बाजरीच्या मध्यम दोन भाकरी, तेवढाच भात दिला तरी चालतो.
• घट्ट शिजवलेले बिनफोडणीचे वरण, एक वाटी.
• दोन उकडलेली अंडी, किंवा त्याऐवजी शंभर-सव्वाशे ग्रॅम शिजवलेली बिनहाडाची कोंबडी.
• उकडलेला लाल भोपळा किंवा गाजर, दोन-तीन चमचे.
• तेल किंवा तूप, एक लहान चमचा.
• अंड्याच्या टरफलाची बारीक पूड, अर्धा लहान चमचा.

हे सारे दोन वेळांत विभागून द्यावे. टरफलाची पूड घरीच होते. टरफले धुऊन, तव्यावर खरपूस भाजून मिक्सरमधून अगदी पिठासारखी बारीक काढायची आणि बरणीत भरून ठेवायची. आजच्या भावाने हे जेवण दिवसाला साधारण पंचवीस-तीस रुपयांत बसते. एवढ्याच कुत्र्याला नुसते पाकिटातले खाद्य द्यायचे म्हटले तर खर्च त्याच्या दुपटीकडे जातो.

मांजराचा हिशेब मात्र उलटा आहे. मनीला घरच्या अन्नावर पूर्ण पोसणे अवघड, आणि ती खाते इतके थोडे, की पाकिटातले कॅट फूड तिला परवडते. चार किलोच्या मांजराला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम पुरे. सगळ्यांत सोयीचे म्हणजे एक वेळ कॅट फूड, पंचवीस-तीस ग्रॅम, आणि एक वेळ घरची उकडलेली कोंबडी किंवा मासळी, साधारण सत्तर ग्रॅम. याप्रमाणे आठवड्याला अर्धा किलो कोंबडी आणि पाव किलोच्या आत कॅट फूड लागते.

कोंबडीवाल्याकडून छातीचे महाग मांस घ्यायचे कारण नाही. मांडीचे मांस आणि हृदय यांत टॉरिन अधिक असते आणि ते स्वस्तही पडते. उकडलेले पाणी मात्र ओतून देऊ नका. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी मांसाबरोबरच वाढा. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, लहानसा तुकडा. रोज दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व साठत जाऊन मांजराची हाडे आखडतात. तापीची-गिरणेची मासळी मिळाली तर ती शिजवून, काटे काढून द्यावी. आठवडी बाजारातले सुकट-बोंबील खारट असतात. द्यायचेच तर खूप वेळ भिजवून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, चवीपुरते.

घरात अंडे-मांस येत नसेल तर?

आपल्याकडे अशी घरे पुष्कळ आहेत. कुत्र्याचे भागते. बिनफोडणीचे वरण, दही किंवा ताक, थोडे पनीर, आणि पाव वाटी सोयाबीनच्या वड्या उकडून, पिळून भाकरीत कुस्करल्या की प्रथिनांची बरीच भरपाई होते. चुन्यासाठी काय द्यायचे ते पशुवैद्यांना विचारून घ्यावे. मांजराचे मात्र असे भागत नाही. तिच्या पुढ्यात वरण-भात ठेवणे म्हणजे आपला नेम तिच्यावर लादणे. अशा घरात कॅट फूडचे पाकीट गॅलरीत वेगळ्या डब्यात ठेवावे. स्वयंपाकघरही आपले राहते आणि मनीचे डोळेही.

या वस्तू ताटात नकोत

कांदा आणि लसूण यांशिवाय आपला काळा मसाला होत नाही, आणि नेमक्या त्याच वस्तू कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. मांजराला तर थोड्यानेही बाधते. शिजवल्याने हा दोष जात नाही. म्हणूनच शेवभाजी, भरीत, ठेचा यांचा रस्सासुद्धा नको.

द्राक्षे आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडवतात. चॉकलेट दोघांनाही विषारी. बिनसाखरेच्या च्युइंगममधले झायलिटॉल कुत्र्याच्या जिवावर बेतते. शिजवलेले हाड चावताना टोकदार फुटते आणि आतड्यात रुतते. शेव, पापड आणि फरसाण यांत मीठ फार.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी विशेष जपायला हव्यात. गोठ्यातली सरकीची ढेप गाई-म्हशींसाठी असते, कुत्र्याने ती खाऊ नये. सरकीतल्या गॉसिपॉलने कुत्र्याच्या हृदयाला अपाय होतो. दुसरे, पावसाळ्यात बुरशी आलेले शेंगदाणे, मका किंवा भाकरी. बुरशीचे विष यकृतावर जाते. ‘माणसाला नको, पण कुत्र्याला चालेल’ ही समजूत इथे महाग पडते.

आणि एक औषधाबद्दल. मनी मलूल दिसली म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. मांजराला ती अर्धीदेखील मारक ठरू शकते.

उन्हाळा, जंत आणि गल्लीतले सोबती

जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा दिवसांत जेवण सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर द्यावे. ओले अन्न अर्ध्या तासात खाल्ले नाही तर उचलून टाकावे. मातीच्या पसरट कुंडीत पाणी सावलीत ठेवावे आणि दिवसातून दोनदा बदलावे.

पोटात जंत असले तर केलेला खर्च जंतांच्या पोटात जातो. पिल्लांना लवकर आणि मोठ्यांना साधारण दर तीन महिन्यांनी जंतांचे औषध लागते, मात्रा वजनावर ठरते. रेबीजची लस दरवर्षी टोचायची, त्यात काटकसर नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात खर्च कमी येतो, तिथे चौकशी करावी.

गल्लीतल्या कुत्र्यांना घालता तेव्हाही हेच अन्न, आणि जागा व वेळ ठरलेली असू द्या. २०२३ च्या केंद्र सरकारच्या नियमांतही जिने, येण्याजाण्याचे रस्ते आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा सोडून अशी जागा ठरवावी, असे सांगितले आहे. शाळेच्या फाटकासमोर उष्टे टाकू नये. मी शाळेत शिकवते, त्या कोपऱ्यावरून मुले कशी जीव मुठीत धरून जातात ते रोज पाहते. खाणे संपले की जागा झाडून घ्यावी, म्हणजे शेजाऱ्यांचीही तक्रार राहत नाही.

जेवण पुरते आहे की नाही, हे ओळखायला काटा नको. बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना मोजता येऊ नयेत. मोजता आल्या तर थोडे वाढवा, हाताला लागल्याच नाहीत तर एक भाकर कमी करा. बदल मात्र एकदम नको, आठ-दहा दिवसांत जुन्यात नवे मिसळत जा.

तेव्हा उद्या डाळ शिजली, की हिंग-मोहरी तडतडण्याआधी एक वाटी बाजूला काढा. अंडी उकडताना दोन जास्त टाका. वेगळा स्वयंपाक नाही, वेगळी चूल नाही. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते करायला नामदेव महाराजांसारखे धावावेही लागत नाही.