पीसी बंद? आधी बोर्डाचं सॉकेट बघा!

पैसे साठवून तुम्ही घरीच पीसी जोडला. मे महिना, बाहेर ऊन चाळिशीपार. उद्या सबमिशन आणि आज स्क्रीन काळी! मन म्हणतं, मदरबोर्ड गेला. थांबा, लगेच दुकान गाठू नका.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात वस्तीवर मोटारी सुरू झाल्या की दिवे मंद होतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. त्याचा फटका पीसीलाही बसतो. घरात वीज येते २३० व्होल्टने. एसएमपीएस तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. यातला १२चा आकडा ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेला, तर पीसी मध्येच रीस्टार्ट होऊ शकतो. बायोसमध्ये हा आकडा दिसतो, एकदा बघाच. आधी दुसऱ्या सॉकेटवर, दुसऱ्या केबलने चालवून पाहा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? मग अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन बोलवा. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.

तरीही डिस्प्ले नाही? प्लग काढून रॅमची एकच पट्टी ठेवा, तिची सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसा. घड्याळ सारखं मागे पडतंय? सीआर२०३२ सेल बदला. खेळताना बंद पडतो? प्रोसेसरच्या फॅनमधली धूळ काढा.

नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन बदलल्या तर पीसी सुरू होईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही. आणि चांगला पार्ट भंगारात जाईल!