मेरुरज्जूच्या विकारातील मूत्राशय : गळती आणि दाब

मूत्रावर ताबा न राहणे ही तक्रार रुग्णाला संकोचात टाकणारी, चारचौघांत मिसळणे अवघड करणारी आणि त्वचेला सतत इजा पोचविणारी असते. ती थांबावी, एवढीच त्याची व त्याच्या आप्तांची अपेक्षा असते. वैद्यही पुष्कळदा उपचाराचे यश त्याच मापाने मोजतो. परंतु मेरुरज्जूच्या इजेमुळे किंवा जन्मजात दोषामुळे ज्यांच्या मूत्राशयाचा मेंदूशी असलेला संबंध तुटला आहे, अशा रुग्णांच्या बाबतीत हे माप फसवे ठरते. त्यांच्या जिवाला धोका असतो तो गळतीपासून नव्हे, तर मूत्राशयात साचलेल्या दाबापासून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या चिकित्सालयीन संशोधनाचे हे फलित होय.

निरोगी प्रौढाच्या मूत्राशयात सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र सामावते. आणि विशेष म्हणजे तो भरत असताना आतील दाब फारसा वाढत नाही, कारण त्याची भिंत सैल होत जाते. विसर्जनाच्या वेळी भिंतीचे स्नायू आकुंचन पावतात आणि त्याच क्षणी मूत्रमार्गाभोवतीचा परिसंकोची स्नायू ढिला पडतो. ह्या दोन विरुद्ध क्रियांचा मेळ घालणारे केंद्र मस्तिष्कस्तंभात असते. बॅरिंग्टन ह्या इंग्रज संशोधकाने १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून त्याचे स्थान दाखवून दिले. मेरुरज्जूचा त्रिकास्थीय भाग शाबूत राहून त्याच्या वर छेद गेला, तर मूत्राशयाची प्रतिक्षेपी क्रिया काही काळाने परत येते, पण मेळ परत येत नाही. भिंत आकुंचन पावते आणि परिसंकोची स्नायूही त्याच वेळी आवळला जातो. बंद दारावर आतून धडका बसाव्यात तसा हा प्रकार असतो. धडका वर्षानुवर्षे बसत राहिल्या की भिंत जाड व ताठ होते, मूत्र पुरते बाहेर पडत नाही, आणि वाढलेला दाब मूत्रवाहिन्यांतून मागे मूत्रपिंडांपर्यंत पोचतो.

पहिल्या महायुद्धात पाठीला गोळी लागून अधरांगवात झालेले बहुतेक सैनिक जखमेने मेले नाहीत. ते शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने मेले. ह्या निराशेला पहिला खरा छेद दिला तो लुडविग गुटमन ह्यांनी. ब्रेस्लाऊ येथील हे मज्जातंतुतज्ज्ञ नाझी राजवटीमुळे १९३९ मध्ये इंग्लंडला आले आणि १९४४ मध्ये त्यांच्याकडे स्टोक मँडेव्हिल येथील मेरुरज्जूविभाग सोपविण्यात आला. मूत्राशयात नळी कायमची ठेवून देण्याऐवजी ठराविक अंतराने ती घालून मूत्राशय रिकामा करावा व लगेच काढून घ्यावी, ही पद्धत त्यांनी काटेकोरपणे राबविली. मात्र ती पूर्णतः निर्जंतुक असावी हा त्यांचा आग्रह होता : मुखपट्टी, हातमोजे, नळीला हाताचा स्पर्शही नाही. फ्रँकेल ह्यांच्यासह त्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष उत्तम होते. परंतु एवढा सोहळा रुग्णालयातच शक्य होता. घरी गेलेल्या रुग्णाने काय करावयाचे, हा प्रश्न तसाच उरला.

त्याचे उत्तर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जॅक लॅपिडीस ह्यांनी १९७२ मध्ये दिले, आणि ते तत्कालीन शिकवणुकीच्या सरळ विरुद्ध होते. रुग्णाने साबणाने हात धुवावेत, धुतलेली नळी स्वतःच घालावी, मूत्राशय रिकामा करावा, नळी पुन्हा धुऊन खिशात वा पिशवीत ठेवावी. निर्जंतुकीकरणाची गरज नाही! ह्या धाडसामागे एक विचार होता. जंतू मूत्राशयात शिरणे ही संसर्गाची अर्धीच बाजू झाली. उरलेली अर्धी बाजू ऊतींच्या प्रतिकारशक्तीची. मूत्राशय अतिशय ताणला गेला की आतील दाबामुळे भिंतीचा रक्तपुरवठा मंदावतो आणि अशी भिंत जंतूंना बळी पडते. म्हणून नळी किती स्वच्छ आहे ह्यापेक्षा ती किती वेळा घातली जाते हे लॅपिडीस ह्यांच्या मते अधिक महत्त्वाचे होते. हात धुण्याची सोय नसली तरी ठरलेली वेळ चुकवू नये, इतक्या टोकापर्यंत ते गेले. नळी स्वच्छपणे वापरणाऱ्यांच्याही मूत्रात जंतू पुष्कळदा सापडतात, हे खरे. पण मूत्रात जंतू असणे आणि रोग होणे ह्या भिन्न गोष्टी होत, हा विवेकही ह्याच पद्धतीच्या अनुभवाने पक्का झाला.

दाबाचे माप मात्र अजून हाती आले नव्हते. ते एडवर्ड मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुढे ठेवले. त्यांचे ४२ रुग्ण जन्मतःच मेरुरज्जूची वाढ सदोष असलेले होते व त्यांच्यावर सरासरी ७.१ वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. प्रत्येकाचा मूत्राशय हळूहळू भरत नेऊन, ज्या क्षणी मूत्र बाहेर गळू लागे त्या क्षणीचा आतील दाब नोंदविण्यात आला. २० रुग्णांत तो पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंचीएवढा किंवा त्याहून कमी होता. ह्या गटात मूत्र मूत्रवाहिनीत उलटे चढण्याचा दोष एकालाही नव्हता, आणि मूत्रवाहिनी फुगलेले केवळ दोघे होते. उरलेल्या २२ जणांत गळतीच्या वेळचा दाब ४० सेंटिमीटरहून अधिक होता. त्यांपैकी १५ जणांत उलटा प्रवाह आणि १८ जणांत मूत्रवाहिन्यांचा फुगवटा आढळला.

ह्या आकड्यांचा अर्थ प्रथमदर्शनी विलक्षण वाटेल. ज्या मुलाचे मूत्र सहज गळते त्याची मूत्रपिंडे सुरक्षित. जे मूल दीर्घकाळ कोरडे राहते, त्याचीच अधिक चिंता वाहावयास हवी. गळती ही येथे सुरक्षा-झडपेचे काम करते. अर्थात ४० ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. रुग्णसंख्या लहान होती, आणि त्या मर्यादेच्या आत असूनही मूत्रपिंडे बिघडलेले रुग्ण पुढे आढळले. मूत्राशय दिवसातील किती वेळ वाढत्या दाबाखाली राहतो, हा विचार त्या एका आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

ह्यातून उपचाराचा क्रमच पालटतो. स्कॉट, ब्रॅडली व टिम ह्यांनी १९७३ मध्ये कृत्रिम परिसंकोची यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा ते वरदानच वाटले असल्यास नवल नाही. परंतु ताठ मूत्राशयाच्या तोंडाशी असे यंत्र बसविले की झडप बंद होते व दाब मात्र आतच राहतो. काही मुलांत शस्त्रक्रियेनंतर कोरडेपणा आला आणि पाठोपाठ मूत्रपिंडे खालावली. म्हणून आधी दाब उतरवावा, नंतर गळतीकडे वळावे, हा दंडक झाला. दाब उतरविण्यासाठी ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे आहेत. ती पुरली नाहीत तर आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठा करण्याची शस्त्रक्रिया आहे. ह्या दोहोंच्या मधली वाट स्वित्झर्लंडमधील ब्रिगिटे शुर्च ह्यांनी २००० मध्ये दाखविली : बोट्युलिनम विष मूत्राशयाच्या स्नायूतच टोचणे. सहा आठवड्यांनी तपासलेल्या त्यांच्या १९ रुग्णांपैकी १७ जण पूर्ण कोरडे झाले. तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या ह्या पाहणीला पुढील नियंत्रित चाचण्यांनी पुष्टी दिली, आणि २०११ मध्ये अमेरिकेत ह्या उपयोगास मान्यता मिळाली. परिणाम काही महिन्यांनी ओसरतो, तेव्हा टोचणी पुन्हा करावी लागते. आणि सैल झालेला मूत्राशय रिकामा करण्यासाठी बहुतेकांना लॅपिडीस ह्यांची नळी हाती धरावीच लागते.

त्या नळीबद्दलचा वाद मात्र मिटलेला नाही. २००८ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत रुग्णाला महिन्याला २०० पर्यंत नळ्या, म्हणजे प्रत्येक वेळी नवी नळी, मिळू शकते. एकदाच वापरावयाची नळी धुतलेल्या नळीपेक्षा खरोखर अधिक सुरक्षित आहे काय? कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीक्षेत निर्णायक फरक आढळला नव्हता. आकडेवारीतील विसंगती लक्षात आल्यावर २०१७ मध्ये ती समीक्षाच मागे घेण्यात आली. जेथे नळी रुग्णाला स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते, तेथे हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहत नाही. नवी नळीच वापरा, असे सांगून घरी पाठविलेला निर्धन रुग्ण दिवसातून पाच वेळांऐवजी दोनच वेळा मूत्राशय रिकामा करू लागला, तर नळी निर्जंतुक असूनही त्याच्या मूत्राशयातील दाब मात्र चढतच राहील.