शुश्रूषागृह पारखताना

घरातली म्हातारी अंगणात घसरून पडते, खुब्याचे हाड मोडते, जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया होते आणि काही दिवसांनी डॉक्टर म्हणतात, "आता घरी न्या." खरा घोर इथून सुरू होतो. मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीत, सून दिवसभर शेतावर, आणि म्हातारीला तर काही आठवडे कुणीतरी उठवायला, बसवायला, हळूहळू चालवायला हवे. कुणी सुचवतो, "एखाद्या शुश्रूषागृहात ठेवा." मग 'लोक काय म्हणतील' यात चार दिवस जातात आणि पाचव्या दिवशी घाईघाईने मिळेल ती जागा पत्करली जाते. लोकांचे राहू द्या. जागा कशी पारखायची, ते पाहू.

आधी एक घोटाळा दूर करू. वृद्धाश्रम वेगळा, शुश्रूषागृह वेगळे. पुष्कळसे वृद्धाश्रम हिंडत्या-फिरत्या, आपले आपण आवरणाऱ्या माणसांसाठी असतात. तिथे अंथरुणाला खिळलेले माणूस नेऊन ठेवले तर त्या माणसाचे हाल होतात आणि चालकही अडचणीत येतात. शुश्रूषागृहात रात्रंदिवस शिकलेली परिचारिका हवी, डॉक्टरांची नेमाने फेरी हवी आणि व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट हवा. आजारी किंवा पंगू माणसांना ठेवून उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. तो कागद दाखवा, असे सरळ म्हणावे. विचारल्याबरोबर कुणी चिडले, तर तेवढ्यानेही बरेच कळते.

आता प्रत्यक्ष भेट. तपासणीच्या दिवशीची शाळा आणि एरवीची शाळा यांतला फरक शिक्षकबंधूंना मी सांगायला नको! म्हणून एकदा वेळ ठरवून जा आणि एकदा न सांगता जा, शक्यतो जेवणाच्या वेळी किंवा दिवेलागणीनंतर. पुढची बाग, देवघर, दूरदर्शनसंच हे सगळे ते आपण होऊन दाखवतीलच. तुम्ही मात्र ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, अशा माणसाच्या खाटेपाशी जाऊन उभे राहा. आपली म्हातारी तिथेच असणार आहे.

एकाच अंगावर तासन् तास पडून राहिले की माकडहाड, खुबे, टाचा अशा हाडाच्या जागी कातडी दबते. तिथला रक्तपुरवठा तुटतो, आधी कातडी लाल होते, मग फाटते, आणि काही दिवसांत थेट हाडापर्यंत जखम जाते. याला शय्याव्रण म्हणतात. तो भरून यायला महिनोन् महिने लागतात, आणि कित्येकांचा जीव मूळच्या दुखण्याने न जाता या जखमेतल्या जंतूंनी जातो. उपाय साधा, पण चिवट. साधारण दर दोन तासांनी कूस पालटायची, कातडी कोरडी ठेवायची, पोटात पुरेसे अन्न जाऊ द्यायचे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले, त्यातही अशा व्रणाबद्दल आधी शुश्रूषेला जाब विचारावा, असाच रोख आहे. अगदी खंगलेल्या माणसाला नीट काळजी घेऊनही व्रण होऊ शकतो, हे मात्र ध्यानात ठेवा. म्हणून प्रश्न असा विचारा : सध्या किती जणांना व्रण आहेत, आणि त्यांतल्या किती जणांना तो इथे आल्यावर झाला? कूस पालटल्याची नोंद खाटेपाशी टांगलेली असेल तर ती बघा. सगळ्या वेळा एकाच शाईने, एका बैठकीत भरलेल्या दिसल्या, तर हजेरीपट पाहिलेल्या माणसाला आणखी सांगणे नको.

दुसरा प्रश्न रात्रीचा. दिवसा माणसे दिसतात. रात्री दोन वाजता किती माणसांमागे किती मावशी असतात? त्यांत परिचारिका कोण, आणि ती जागी असते की घरून फोनवर? हाक मारली तर कोण येते? लघवीला न्यायला माणूस नसले की काही ठिकाणी म्हाताऱ्यांना संध्याकाळनंतर पाणीच देत नाहीत, किंवा गरज नसताना नळी घालून ठेवतात. दोन्ही वाईट. नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. "ही नळी कशासाठी, कधी काढणार?" याला डॉक्टरांकडून नेमके उत्तर हवे. हात बांधलेले किंवा भर दुपारी सगळेच झोपेत बुडालेले दिसले, तर कारण विचारल्याशिवाय हलू नका.

जेवणाच्या वेळी मी म्हटले, ते ताटातल्या पदार्थांसाठी नव्हे. गिळायला त्रास असलेल्या माणसाला उताणे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. पाठ टेकवून ताठ बसवतात का, आमटीत भाकरी कुस्करून हळूहळू भरवतात का, की वाटी समोर ठेवून निघून जातात, ते बघावे. आणि भाषा! म्हातारी अहिराणीत पाणी मागणार आणि समोरच्या मावशीला ते कळणारच नाही, असे होऊ नये. ही बाब कुठल्याच छापील माहितीपत्रकात नसते.

पैशाचे थोडक्यात सांगतो. महिन्याच्या रकमेत काय धरले आहे आणि लंगोट, औषधे, व्यायाम यांचे वेगळे किती, ते लिहून घ्या. अनामत केव्हा परत मिळते, दुखणे बळावल्यास कोणत्या रुग्णालयात नेणार आणि तुम्हाला कधी कळवणार, हेही.

शुश्रूषेसाठी ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे. परंतु सांभाळायची जबाबदारी असलेल्याने कायमचे टाकून देण्याच्या हेतूने ज्येष्ठ माणसाला कुठेही सोडणे, हा २००७ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवला आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. कायद्याचा धाक नसला तरी जात राहायला हवे. ज्याच्याकडे वेळीअवेळी कुणीतरी येते, त्याची कूस जरा वेळेवर पालटली जाते, एवढे मात्र मी पाहिले आहे. तक्रार ऐकलीच जात नसेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदत क्रमांक आहे.

ठेवायला जाल तेव्हा कवळीची डबी, चष्मा आणि कानाचे यंत्र यांवर नाव घालून द्या. अशा जागी आधी याच वस्तू हरवतात, आणि मग ऐकू येत नाही म्हणून म्हातारी चक्रम झाली, असे सगळे म्हणू लागतात.