‘पास आउट झालो’ म्हणजे नेमकं काय झालं?

सीताबर्डीतल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासपासून मिहानमधल्या कंपन्यांच्या मुलाखतींपर्यंत नागपूरच्या मुलांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं : ‘आय पास्ड आउट फ्रॉम नागपूर युनिव्हर्सिटी.’ या वाक्यावरून दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही शिक्षक म्हणतात, हे इंग्रजीच नव्हे, पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं. मुलांना मात्र खात्री असते की पदवी मिळवण्याला सगळं जग हेच म्हणतं. दोन्ही मतांत अर्धंच सत्य आहे.

आधी शिक्षकांचा आक्षेप पाहू. हा वापर भारतीयांनी अज्ञानातून जन्माला घातला, असं त्यांना वाटतं. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शब्दकोश उघडला तर पास आउटचा पहिला अर्थ शुद्ध हरपणं हाच मिळतो, हे खरं. पण त्याच नोंदीत ब्रिटिश इंग्रजीतला आणखी एक अर्थ आहे : लष्करी महाविद्यालयातलं प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं. ‘पासिंग आउट परेड’ हा शब्द तिथलाच. ब्रिटिशांच्या लष्करी शिस्तीबरोबर तो भारतात आला आणि इथे पक्का रुजला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दर सहा महिन्यांनी ही परेड होते. ३० मे २०२५ रोजी तिथून १४८ व्या तुकडीबरोबर १७ मुली बाहेर पडल्या. प्रबोधिनीतून पूर्ण प्रशिक्षण घेऊन निघालेली ती मुलींची पहिली तुकडी. त्या दिवशीच्या इंग्रजी बातम्यांत त्यांच्यासाठी ‘पास्ड आउट’ हेच शब्द होते आणि ते शंभर टक्के बरोबर होते.

नागपूरकरांना तर हा शब्द शोधायला पुण्यालाही जायला नको. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं प्रशिक्षण केंद्र आहे, एनसीसीच्या अधिकाऱ्यांची अकादमी आहे; शहरात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. गणवेशातली माणसं घडवणाऱ्या अशा संस्थांमध्ये प्रशिक्षणाचा शेवट संचलनाने होतो. मराठीत त्याला आपण दीक्षान्त संचलन म्हणतो आणि विद्यापीठाच्या पदवीदानाला दीक्षान्त समारंभ. आपल्या भाषेत दोन्ही ठिकाणी ‘दीक्षान्त’ एकच, मग इंग्रजीतही दोन्हीकडे एकच क्रियापद चालेल असं वाटणं स्वाभाविक आहे. शिवाय ‘पास होऊन कॉलेजातून बाहेर पडलो’ असं आपण बोलतोच. त्यातला पास आणि बाहेर इंग्रजीत जसेच्या तसे सापडतात. म्हणून हा प्रयोग आपल्या जिभेवर इतका सहज बसला. भारतीय इंग्रजीत तो आता इतका रूढ आहे की त्यापासून नामही तयार झालं. नोकरीच्या जाहिरातीत ‘२०२४ आणि २०२५ पासआउट’ असं छापून येतं आणि कुणालाही त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. जो शब्द कोट्यवधी माणसं एका ठरलेल्या अर्थाने वापरतात, त्याला चूक म्हणून मुलांना वर्गात खजील करणं मला अजिबात पटत नाही.

आता मुलांचा गैरसमज. हा अर्थ भारताबाहेर सगळीकडे पोचत नाही. इंग्लंडमध्ये तो सैन्य, पोलीस, अग्निशमन अशा गणवेशाच्या सेवांपुरता आहे. अमेरिकेत पास आउट म्हणजे शुद्ध हरपणं किंवा दारू पिऊन निपचित पडणं. ‘आय पास्ड आउट इन कॉलेज’ हे वाक्य तिथल्या माणसाच्या कानावर पडलं तर हा पोरगा कॉलेजात कधीतरी भोवळ येऊन पडला होता, असाच अर्थ तो लावेल. यातली खरी गंमत ‘फ्रॉम’मध्ये आहे. ‘शी पास्ड आउट फ्रॉम हिस्लॉप कॉलेज’ आणि ‘शी पास्ड आउट फ्रॉम द हीट’, दोन्ही वाक्यांची बांधणी एकसारखी. पहिल्यात ती कॉलेजातून शिकून निघाली, दुसऱ्यात उन्हाने तिची शुद्ध हरपली. नवतपात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, नागपुरात दुसऱ्या वाक्याची गरज पहिल्याइतकीच पडते.

ते दुसरं वाक्य कधी वापरायचं, हेही नीट समजून घ्यायला हवं. नुसती घेरी आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोल गेला, तर ते ‘पास्ड आउट’ नव्हे. त्याला ‘आय फेल्ट डिझी’ म्हणावं. शुद्ध गेली, थोडा वेळ का होईना, तरच पास आउट. डॉक्टरांसमोर इंग्रजीत बोलताना हा फरक फार मोलाचा, कारण शुद्ध गेली होती की नाही यावर पुढची तपासणी ठरते. उन्हात शुद्ध हरपलेला माणूस लगेच सावध झाला नाही, बरळू लागला किंवा त्याचं अंग भाजल्यासारखं तापलं असेल, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी इंग्रजी-मराठीचा विचार न करता १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन अंग गार करत राहावं.

या क्रियापदाचं आणखी एक भावंड फार घोळ घालतं. पास अवे म्हणजे वारणं, निधन होणं. ‘आजी पास्ड आउट’ असा निरोप परदेशातल्या नातवाला गेला तर तो आजीला शुद्ध आली का, हे विचारायला फोन करेल. इकडे घरात तेरवीची तयारी चाललेली असेल. शोकसंदेशात आउट लिहिलं जाणं तर मन दुखावणारं आहे. तिथे अवेच हवं.

परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी आउट लागतच नाही. ‘आय पास्ड द एक्झाम’ एवढं पुरे. ‘पास्ड आउट द एक्झाम’ हे भारतीय इंग्रजीतही बसत नाही. तसंच ‘आय ॲम पास आउट इन २०२०’ ही जोडणी मोडकी आहे. एकतर क्रियापद भूतकाळात घ्या, ‘आय पास्ड आउट इन २०२०’, नाहीतर नाम करा, ‘आय ॲम अ २०२० पासआउट’.

अमेरिकेत एम.एस.ला जाणाऱ्यांना या क्रियापदाचा चौथा अर्थ पहिल्याच आठवड्यात भेटतो. प्राध्यापक कागदांचा गठ्ठा हातात देऊन ‘प्लीज पास दीज आउट’ म्हणतात. म्हणजे हे सगळ्यांना वाटून टाक. या अर्थात क्रियापदाची फोड होते आणि सर्वनाम मध्येच बसतं : ‘पास देम आउट’. बेशुद्ध पडण्याच्या किंवा शिकून निघण्याच्या अर्थात मध्ये असं काहीच येत नाही. ब्रिटिश माणूस वाटण्यासाठी बहुधा ‘हँड आउट’ म्हणेल.

राहिला प्रश्न बायोडेटाचा. अर्ज भारतातल्या कंपनीकडे जाणार असेल तर पासआउट खुशाल लिहा. बाहेर जाणार असेल तर ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम नागपूर युनिव्हर्सिटी इन २०२२’ हे वाक्य सगळीकडे चालतं. बारावीसाठी मात्र ग्रॅज्युएट हा शब्द अमेरिकी माणसालाच सहज कळेल. ब्रिटनमध्ये तो मुख्यतः विद्यापीठाच्या पदवीसाठी राखलेला असतो. तिथे ‘आय फिनिश्ड स्कूल इन २०१९’ असं लिहावं. आयटीआय, पदविका किंवा अर्धवेळ अभ्यासक्रमासाठी ‘आय कम्प्लीटेड’ हे सर्वांत सोपं आणि निर्धोक.