पाठीवरचे यंत्र आणि पायातला बिल्ला

गुहागरच्या किनाऱ्यावर मध्यरात्रीनंतर वर आलेली ऑलिव्ह रिडले मादी मागच्या पायांनी वाळू उपसून सुरईसारखा खड्डा करते, त्यात शंभरएक अंडी घालते आणि अंगाच्या भाराने वाळू चोपून समुद्राकडे वळते, तोवर तिला हात लावायचा नाही, असा दंडक आहे. वळल्यावर मात्र तिची वाट फळ्यांच्या चौकटीने अडवतात, पाठीवरचे शेवाळ खरवडतात, कवच घासून कोरडे करतात आणि त्यावर उपग्रहाशी बोलणारे यंत्र इपॉक्सीने चिकटवतात. ते घट्ट होईस्तोवर मादी फळीला धडका देत राहते. विज्ञानाची ही सक्ती पाहताना संकोच वाटतोच.

खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. सबब कासव श्वासासाठी वर येईल आणि नेमका त्याच वेळी माथ्यावरून अर्गोस प्रणालीचा उपग्रह जात असेल, तरच संदेश पोहोचतो, आणि त्यावरून काढलेल्या ठिकाणातही कधी काही शे मीटरांची, तर कधी कित्येक किलोमीटरांची चूक संभवते. नकाशावरची डौलदार रेघ ही वस्तुतः विरळ ठिपके जोडून माणसाने ओढलेली असते. तरीही २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली, हे या रेघेवाचून कळले नसते. मात्र यंत्र काही महिन्यांत मुके होते. वाळूच्या उष्णतेवर पिलांचे लिंग ठरत असल्याने तापत्या किनाऱ्यांवर माद्यांचेच प्रमाण वाढेल काय, हा प्रश्न तर पिढ्यांच्या हिशेबाचा आहे.

तेथे जुना, स्वस्त उपायच कामी येतो. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षणाने पायात अडकवलेला ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालणाऱ्या मादीच्या पायात आढळला. या बिल्ल्याला ना बॅटरी, ना उपग्रह. रात्रीच्या गस्तीवरच्या माणसाने तो वाचून दफ्तरी नोंदवला, एवढीच त्याची यंत्रणा. दोन्ही किनाऱ्यांवरच्या विणीचा जमाखर्च वेगवेगळा मांडण्याचा प्रघात या एका नोंदीने मोडत नाही खरा, पण पूर्वेच्या खात्यातली मादी पश्चिमेच्या वाळूत अंडी घालू शकते, एवढा दाखला त्यात आहे. आणि कोकणातली रात्रीची गस्त यंत्रे आली म्हणून कमी करावी, असे सुचवणाऱ्यांनी तो आधी वाचावा.