गणती आणि घड्याळ

यंत्राचा वेग वाढला की त्यावरचे काम अधिक चांगले व्हावे, अशी आपली समजूत असते. परंतु संगणकाचे काही जुने प्रोग्रॅम वेगवान यंत्रावर चालेनासेच होतात. असे का व्हावे?

घड्याळ नसलेल्या घरात एखादी गृहिणी जप करीत भात शिजवते. दोन माळा झाल्या की पातेले उतरवायचे. तिचा अंदाज बिनचूक ठरतो. पण तीच माळ झरझर ओढणाऱ्या जाऊबाईंच्या हाती द्या, भात कच्चा राहील. माळेने मोजला तो जप, वेळ नव्हे.

1981 साली निघालेल्या आय.बी.एम. पी.सी.चा प्रोसेसर सेकंदाला सुमारे 47 लाख 70 हजार स्पंदनांनी चाले. पडद्यावरचे चित्र क्षणभर थांबवायचे झाले, तर पुष्कळदा त्याला नुसत्या रिकाम्या फेऱ्या मोजायला लावीत. पुढे प्रोसेसर वेगवान झाले, फेऱ्या चटकन संपू लागल्या आणि खेळ हाताबाहेर धावू लागले. म्हणून तर पुढच्या कित्येक यंत्रांना वेग कमी करण्यासाठी 'टर्बो' बटण असे.

बोर्लंड कंपनीच्या टर्बो पास्कल 7.0 (1992) मध्ये यावर तोड काढलेली होती. तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम आरंभीच घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे 55 मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजी. त्या संख्येस 55 ने भागले की एका मिलिसेकंदाच्या फेऱ्या मिळत. उपाय शहाणपणाचा खरा. पण भागाकार ठेवायला जागा होती सोळा बिटांची. तीत 65,535 हून मोठी संख्या मावत नाही. म्हणजे एका ठोक्यात 36,04,480 फेऱ्या झाल्या की भांडे ओसंडले! सेकंदाला 20 कोटी स्पंदने करणारा प्रोसेसर एका ठोक्यात सुमारे 1 कोटी 10 लाख स्पंदने करतो. एका फेरीस तीन स्पंदने पुरली, तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

मग वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम सुरू होताक्षणीच बंद पडे आणि 'रनटाइम एरर 200' एवढेच उमटे. या क्रमांकाचा अर्थ, शून्याने भागाकार. वास्तविक शून्याने कोणी भागलेच नव्हते! भागाकार मावला नाही तरी प्रोसेसर तीच वर्दी देतो. वापरणाऱ्याला नवे यंत्रच सदोष वाटावे, यात नवल ते काय?

जागा मोठी केली की हा दोष जातो. मूळ प्रश्न मात्र राहतो. आजचे प्रोसेसर कामाच्या भाराप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे आपला वेग स्वतःच कमीजास्त करतात. आरंभी घेतलेले माप पुढच्या घटकेला खरे असेलच, असे नाही. तेव्हा, श्रोतेहो, काम किती झाले यावरून वेळ ठरवू नये. वेळ घड्याळालाच विचारावी.