सुट्टी विसर्जनाच्या दिवसाची

२०२३ साली आपल्याकडे गणपती बसले ते १९ सप्टेंबरला. मॉरिशसच्या सरकारी यादीत मात्र गणेश चतुर्थीची सुट्टी २० तारखेला होती. २०२२मध्ये आपली चतुर्थी ३१ ऑगस्टला, त्यांची सुट्टी १ सप्टेंबरला. २०२५मध्ये २७ आणि २८ ऑगस्ट. पंचांगांतली तफावत असेल, असं मला आधी वाटलं होतं. पण याचं उत्तर कोकणातल्या दीड दिवसाच्या गणपतीच्या घरात मिळेल. चतुर्थीला मूर्ती बसते आणि ऋषिपंचमीला नदीवर किंवा समुद्रावर बाप्पाची बोळवण होते. मॉरिशसची सुट्टी आहे ती या बोळवणीच्या दिवसाची. दीड दिवसाचा गणपती हिंदी महासागरातल्या एका स्वतंत्र देशाच्या कॅलेंडरात जाऊन बसला आहे. गोव्यातही चवथीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी असते, पण ती पहिल्या दिवसाच्या जोडीला.

या सुट्टीची किंमत कळायची तर उसाच्या मळ्यात जावं लागतं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर मॉरिशसमध्ये पोर्ट लुईला उतरले. पुढच्या आठ-नऊ दशकांत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर या बेटावर आली. त्यातली बहुतेक कलकत्ता आणि मद्रासमार्गे आली. मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसं थोडी होती. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पगार महिना ५ रुपये आणि वर शिधा. या पाच रुपयांवर टांगती तलवार होती ती ‘डबल कट’ची. एक दिवस कामावर आलं नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. आजारी पडलं तरीही. सणाला तर कोण विचारतो! १८७२ साली नेमलेल्या ब्रिटिश शाही आयोगाने मजुरांच्या हालांची दखल घेतली, तरी ही कपात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत टिकली.

मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव १८९६ साली हेन्रिएटा गावातल्या एका मराठी घराण्यात झाला, असं तिथे सांगतात. पुण्यात सार्वजनिक गणपती सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पण हेन्रिएटातला गणपती मंडपातला नव्हता, घरातला होता, आणि तो बसला तेव्हा ‘डबल कट’ चालूच होता. मळ्यावर बांधलेल्या माणसाने मूर्तीपाशी एक दिवस घालवायचा तर दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडायचं. या हिशेबामुळेच मला तिथली आजची सुट्टी साधी वाटत नाही.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. त्याच्या राज्यघटनेने निवडणुकीसाठी चार समाज मानले: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या नावाखाली. त्यात मराठी माणसाला वेगळा रकाना नाही. तो हिंदूंत मोजला जातो. सुट्ट्यांच्या यादीने मात्र वेगळा न्याय केला. महाशिवरात्र आणि दिवाळी आहेतच, शिवाय तमिळांची थैपुसम कावडी, तेलुगूंची उगादी आणि मराठ्यांची गणेश चतुर्थी. ईद, चिनी नववर्ष आणि नाताळही त्याच यादीत. घटनेला जे जमलं नाही ते कॅलेंडरने केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. मूठभर समाजाचा देव अख्ख्या बेटाची बँक, शाळा आणि कचेरी एक दिवस बंद ठेवतो. मळ्याच्या मालकाच्या वंशजालाही ती सुट्टी मिळते.

बोलण्यातून मराठी तिथे बरीच ओसरली आहे. घराघरांत क्रिओल बोलली जाते. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवली जाते, हा मोठा आधार. पण पोरांना आजीची भाषा नीट येत नसली, तरी आपली कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचली जाते.

विशेष म्हणजे चतुर्थी आठवड्याच्या मधल्या वारी आली, तर तो दिवस तिथे कामाचाच असतो. मूर्ती बसवून, आरती करून माणसं कामावर जातात. दुसऱ्या दिवशी मात्र मळ्यातल्या सरदाराची, म्हणजे मुकादमाची, परवानगी लागत नाही, मजुरी कापली जात नाही, आणि गणपती डोक्यावर घेऊन अख्खं घर पाण्याकडे निघतं.